रेझ्युमे नेमका कधी पाठवावा? जाहिरात आल्या आल्या, ओळख काढून, की शेवटच्या तारखेला?

अर्धा_चहा (धागाकर्ता)

मंडळी, नोकरी बदलायची आहे. अकाउंट्समधला ६ वर्षांचा अनुभव, नोटीस ६० दिवस, शोध मुंबई-ठाणे-नवी मुंबई एवढाच. रेझ्युमे कसा लिहावा यावर इथे धागे आहेत, ते वाचले. माझा प्रश्न वेळेचा आहे.

१. जाहिरात दिसली की लगेच अर्ज टाकावा, की दोन-तीन दिवस घेऊन रेझ्युमे त्या जागेप्रमाणे बदलून मग?
२. कंपनीत ओळखीचं कोणी असेल तर आधी त्याला विचारावं, की आधी अर्ज करून मग सांगावं?
३. नुसती चौकशीची मेल टाकताना सोबत रेझ्युमे जोडावा, की मागितल्यावर द्यावा?
४. वर्षातला एखादा काळ अकाउंट्सवाल्यांसाठी खरंच बरा-वाईट असतो, की ते बोलण्यापुरतं?

"नशीब लागतं" हे सोडून काहीही चालेल.

मेगाब्लॉक

नशीब लागतं. (ह. घ्या.)

जुनी_एचआर

आतल्या बाजूला काय चालतं ते आधी सांगते, म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यातच मिळेल.

जागा मंजूर झाली की बऱ्याच मोठ्या कंपन्यांत ती आधी आतल्या लोकांना दाखवतात, आयजेपी म्हणतात ते. तिथून कोणी मिळालं नाही तर, किंवा त्याच्या जोडीनेच, ती कंपनीच्या करिअर पानावर आणि पोर्टलवर जाते. पहिल्या तीन-चार दिवसांत अर्जांचा लोंढा येतो. त्यातले दहा-पंधरा रेझ्युमे निवडून रिक्रूटर विभागप्रमुखाकडे पाठवतो. ही पहिली लॉट. त्यानंतर येणारे अर्ज कोणी टाकून देत नाही, पण उघडूनही बघत नाही, कारण सगळे पहिल्या लॉटच्या मुलाखती जुळवण्यात अडकलेले असतात. त्या लॉटमधून कोणी ठरलं नाही, किंवा ठरलेला माणूस ऑफर घेऊन फिरकलाच नाही, की पेटी पुन्हा उघडते.

म्हणजे चांगल्या वेळा दोन. जाहिरातीनंतरचे पहिले तीन-चार दिवस, आणि मग साधारण तीन आठवड्यांनी, जाहिरात अजून लटकलेली दिसत असेल तर. दुसऱ्या आठवड्यात पाठवलेला रेझ्युमे सगळ्यात जास्त वाया जातो. खासगी कंपनीतली "शेवटची तारीख" शोभेची असते. माणूस मिळाला तर जाहिरात त्याआधीच उतरते, नाही मिळाला तर तारीख उलटून गेल्यावरही अर्ज घेतात.

कोडेकर

जुनी_एचआर यांच्याशी अर्धा सहमत. पहिल्या चार दिवसांत पाठवा हे ठीक, पण त्या घाईत लोक जो कच्चा माल पाठवतात तो फॉर्ममध्येच गळतो, माणसापर्यंत पोचतच नाही.

अर्जात नोटीस, ठिकाण, अपेक्षित पगार, अनुभवाची वर्षं असे प्रश्न असतात. त्यातल्या काहींना कंपनीने मर्यादा लावलेली असते. उत्तर त्याबाहेर गेलं की अर्ज आपोआप बाजूला पडतो. नेहमी होणारी चूक म्हणजे पगाराचा रकाना. कुठे लाखांत विचारतात, कुठे रुपयांत. लाखांच्या रकान्यात ८००००० लिहिलं तर तुमची अपेक्षा ८ लाख लाख झाली. रुपयांच्या रकान्यात ८ लिहिलं तर तुम्ही आठ रुपयांत राबायला तयार आहात. दोन्ही अर्ज शोधात कधीच वर येत नाहीत.

दुसरं, वर्कडेसारख्या, कंपन्या अर्ज घ्यायला वापरतात त्या प्रणालीत रेझ्युमे चढवला की ती स्वतःच रकाने भरते. तेव्हा "पुढे" दाबायची घाई करू नका. कंपनीचं नाव पदाच्या जागी, शिक्षणाचं वर्ष नोकरीच्या जागी असे घोळ तिथेच होतात. रिक्रूटर पुष्कळदा ते रकानेच बघतो, जोडलेली फाइल नंतर उघडतो.

मेगाब्लॉक

आठ रुपयांत राबायला तयार असलेले लोक आहेत की. त्यांना इंटर्न म्हणतात.

जुनी_एचआर

@कोडेकर, बरोबर. पण त्यावर उपाय उशीर करणं हा नाही, तयारी आधी करून ठेवणं हा आहे. एक मूळ फाइल ठेवा, चार-पाच पानांची झाली तरी चालेल. केलेलं प्रत्येक काम, आकडे, सॉफ्टवेअर सगळं तिच्यात. ती कुठेही पाठवायची नाही. जाहिरात आली की त्यातून दोन पानं कापायची. बदलायच्या जागा तीनच: वरच्या तीन-चार ओळी, कौशल्यांची ओळ, आणि सध्याच्या नोकरीतल्या पहिल्या तीन मुद्द्यांचा क्रम. बाकीचं तसंच राहू द्या. तासाभराचं काम आहे. जाहिरात संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज गेला पाहिजे.

ठाणेकरीण

वाचनखूण साठवली. एक भर: पाठवण्याआधी पीडीएफ उघडून सगळा मजकूर निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मशीनला साधारण तेच दिसतं. दोन रकान्यांचा सजवलेला साचा असेल तर डाव्या रकान्यातली एक ओळ, उजव्यातली एक ओळ अशी खिचडी निघते. नाव आणि मोबाइल पानाच्या अगदी वरच्या पट्टीत, म्हणजे हेडरमध्ये टाकलं असेल तर काही प्रणाली ते वाचतच नाहीत. स्कॅन करून केलेल्या पीडीएफमधून काहीच येत नाही.

एक बारीक भानगड फॉन्टची. इंग्रजीत एफ आणि आय शेजारी आले की काही फॉन्ट त्यांचं जोडाक्षर करतात. दिसायला छान, पण मजकूर बाहेर काढताना ती जोडी कधी कधी गळून जाते. मग "फायनान्स" आणि "ऑफिसर" हे दोन्ही शब्द तुमच्या रेझ्युमेत असूनही शोधात सापडत नाहीत. अकाउंट्सवाल्याच्या रेझ्युमेतून फायनान्सच गेलं तर उरलं काय! नोटपॅडमध्ये हे शब्द मुद्दाम बघा. गळत असतील तर फॉन्ट बदला, किंवा फाइल वर्डमधूनच द्या.

वडाळ्याचा_वाटसरू

प्लेसमेंटच्या बाजूने लिहितो. धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा आहे आणि त्यावर अजून कोणी बोललेलं नाही.

कंपनीच्या प्रणालीत तुमची नोंद पहिल्यांदा कोणाच्या नावावर झाली, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. रस्ते तीन: तुम्ही स्वतः, आतला कर्मचारी, किंवा कन्सल्टंट, म्हणजे कंपनीला माणसं शोधून देणारा बाहेरचा माणूस. कन्सल्टंटमार्फत आलात तर कंपनी त्याला फी देते. आपल्याकडे वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे एक महिन्याचा पगार, हा नेहमीचा दर. कर्मचाऱ्यामार्फत आलात तर त्याला रेफरलचा बोनस. स्वतः आलात तर कोणालाच काही नाही. एकदा नोंद झाली की ती ठरावीक मुदतीपर्यंत त्याच रस्त्याची मानतात. बऱ्याच करारांत ही मुदत सहा महिने असते, काही ठिकाणी वर्ष.

म्हणून आधी अर्ज करून मग मित्राला सांगितलंत तर त्याच्या पडद्यावर "हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे" असं येतं आणि रेफरल लागत नाही. त्याहून वाईट म्हणजे एकाच जागेसाठी दोन कन्सल्टंटांनी तुमचा रेझ्युमे टाकला तर फी कोणाची यावरून वाद होतो. असा वाद सोडवत बसण्यापेक्षा रिक्रूटर तो उमेदवारच बाजूला ठेवतो. चूक तुमची नसते, जागा मात्र तुमची जाते.

आधी रस्ता ठरवा, मग रेझ्युमे सोडा. दोन दिवस त्यात गेले तरी चालतील.

कोडेकर

+१. हे सगळ्यात वर चिकटवा.

अर्धा_चहा

@वाटसरू, पण कन्सल्टंटचा फोन येतो तेव्हा तो कंपनीचं नाव सांगत नाही. "मोठी एमएनसी, अंधेरीला, रेझ्युमे पाठवा" एवढंच. मग कळणार कसं की आपण तिथे आधीच अर्ज केलाय?

वडाळ्याचा_वाटसरू

नाव कळल्याशिवाय पाठवायचा नाही. सोपं आहे. नाव लपवतो कारण ते कळलं तर तुम्ही थेट जाल ही भीती, समजण्यासारखी आहे. त्याला सांगा: "कंपनीचं नाव आणि जागेचा तपशील मेलवर पाठवा, मी त्याच मेलला उत्तर देऊन 'या जागेसाठी तुमच्याकडून माझा रेझ्युमे पाठवायला हरकत नाही' असं लिहितो आणि फाइल जोडतो." खरं काम असेल तर तो लगेच तयार होतो, कारण तुमचं ते एक वाक्य वादात त्याच्याही कामी येतं. टाळाटाळ करत असेल तर बहुतेक त्याच्याकडे जागाच नाही. तो नुसते रेझ्युमे गोळा करतोय.

तुमच्याकडे एक साधा तक्ता असू द्या. तारीख, कंपनी, पद, जागेचा क्रमांक, कोणामार्फत, रेझ्युमेची कोणती आवृत्ती. दोन महिन्यांनी फोन येतो तेव्हा आठवत नाही.

आणि नोंदणी, ट्रेनिंग किंवा कागद तपासणीसाठी पैसे मागितले की फोन ठेवा. फी कंपनी देते, उमेदवार नाही.

खिडकीची_जागा

आवृत्तीवरून आठवलं, फाइलचं नाव काय द्यावं? "फायनल_फायनल_२_खरंच_फायनल" चालेल का?

जुनी_एचआर

अशा फाइली रोज येतात. नाव, आडनाव, पद, एवढंच. रिक्रूटर शंभर फाइली एकाच फोल्डरमध्ये उतरवतो. त्यात नुसतं "रेझ्युमे" नावाच्या वीस असतात. आकार लहान ठेवा. नोकरी डॉट कॉमवर २ एमबीची मर्यादा आहे, ती फोटो घातल्याशिवाय ओलांडली जात नाही. आणि फोटो घालू नका. वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, उंची हे पण काढा. स्थळ बघायला नाही चाललेलो आपण.

मेगाब्लॉक

पत्रिका जुळली तरी शेवटी पगारावरूनच मोडतं की.

तेरीज

चौथ्या प्रश्नाकडे येतो, कारण अकाउंट्सचं कॅलेंडर बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे आणि ते तारखांवर चालतं.

आधी महिन्याचं. पहिले पाच-सात कामाचे दिवस मागच्या महिन्याची वही बंद करण्यात जातात. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (महिन्याचा जीएसटी भरण्याचं विवरण). फायनान्स प्रमुखाला किंवा अकाउंट्स मॅनेजरला थेट मेल टाकणार असाल तर १२ ते १७ किंवा २१ ते २८ या दिवसांत टाका. ५ तारखेला टाकलेली मेल तो "नंतर बघू" म्हणून सोडतो आणि ती दोनशे मेलच्या खाली जाते. एचआरला पाठवताना हा नियम लागू नाही, त्यांना ३बीशी देणंघेणं नसतं.

आता वर्षाचं. मार्चअखेर कोणी अकाउंट्सचा माणूस सोडत नाही. तुमची नोटीस ६० दिवस. १५ जानेवारीला राजीनामा दिलात तर शेवटचा दिवस मार्चच्या मध्यावर, म्हणजे ऐन क्लोजिंगमध्ये. सध्याचा साहेब तारीख पुढे ढकलायला बघणार आणि नवा साहेब तर तुम्हाला क्लोजिंगसाठीच बोलावत असणार. दोघांचीही गरज एकाच पंधरवड्यात. म्हणून उलटं मोजा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रुजू व्हायचं तर राजीनामा डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऑफर नोव्हेंबरअखेर हातात, आणि मुलाखतीच्या दोन-तीन फेऱ्या धरून रेझ्युमे ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाहेर. मध्ये दिवाळी येते, तो आठवडा फुकट धरा.

दुसरी खिडकी जूनपासून. तोवर वार्षिक ऑडिटचा मोठा भाग उरकलेला असतो, पगारवाढीची पत्रं वाटून झालेली असतात, ज्यांना ती पटली नाहीत ते निघालेले असतात आणि त्यांच्या जागा भरायच्या असतात.

मुदतवाढ

तेरीज यांनी सीए फर्मचं सोडलं, ते मी पुरं करतो. फर्ममध्ये जायचं असेल तर सप्टेंबर पूर्ण वर्ज्य. ३० सप्टेंबरला टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख असते. त्या महिन्यात पार्टनर मंडळी क्लायंटचे फोनसुद्धा मोजून घेतात. आणि मुदत वाढली तर (आयडी उगाच नाही घेतला) पुढचा महिनाही गेला असं समजा. छोट्या फर्ममध्ये एचआर नसतं. पार्टनरच रेझ्युमे वाचतो, तोही रात्री नऊनंतर. तिथे एक पानाचाच पाठवा.

खिडकीची_जागा

@तेरीज, ६० दिवस नोटीस असेल तर ती सुरू झाल्यावर रेझ्युमे पाठवणं चांगलं ना? पोर्टलवर "नोटीस सुरू आहे" असा पर्याय असतो, त्यांना लवकर फोन येतात म्हणे.

तेरीज

फोन येतात, खरं आहे. रिक्रूटर नोटिसीवर गाळणी लावतो: १५ दिवस किंवा कमी, एक महिना, दोन, तीन, आणि नोटीस सुरू असलेले. तुमच्यासारखे ६० दिवसवाले ज्या शोधात दिसत नाहीत त्यातही नोटीस चालू असलेले दिसतात. पण हातात ऑफर नसताना राजीनामा देऊन फोनची वाट बघणं हा जुगार आहे. शेवटचा दिवस जसा जवळ येतो तसा पगाराचा आकडा खाली येतो, कारण समोरच्यालाही तारीख दिसत असते. घर भाड्याचं असेल तर या वाटेला जाऊ नका.

त्यापेक्षा राजीनामा देण्याआधीच नियुक्तिपत्र काढून नीट वाचा: नोटिशीचे दिवस पैसे भरून कमी करता येतात का, आणि शिल्लक रजा त्यात वळती होते का. "६० दिवस, ३० पर्यंत कमी करता येतील" हे रेझ्युमेतच एका ओळीत लिहिलं तर बरेच दरवाजे उघडतात. खरं असेल तरच लिहा.

ठाणेकरीण

आणि ग्रॅच्युइटी बघा, म्हणजे सलग ५ वर्षं झाल्यावर नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम. धागाकर्त्याची ६ वर्षं एकाच कंपनीतली असतील तर प्रश्न नाही, पण हा धागा वाचणाऱ्या कोणाची साडेचार वर्षं झाली असतील तर सलग ५ पूर्ण होण्याच्या हिशेबाने शेवटचा दिवस ठरवा. रेझ्युमे आधी पाठवायला हरकत नाही, रुजू होण्याची तारीख सांगताना ते धरा.

खडू_फळा

इथे सगळं कॉर्पोरेट चाललंय. शाळा-कॉलेजांचं वेगळं आहे म्हणून लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल.

खासगी विनाअनुदानित आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा जूनच्या वर्गांसाठी जानेवारी ते एप्रिल माणसं बघतात. मे महिन्यात पाठवलेला अर्ज बहुधा कोणी आयत्या वेळी सोडून गेलं तरच वाचला जातो. अनुदानित शाळांत रेझ्युमे नेऊन देण्यात अर्थ नाही, तिथली भरती पवित्र पोर्टलवरून, म्हणजे राज्य सरकारच्या शिक्षकभरतीच्या साइटवरून होते. कॉलेजची जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि तिच्यात मुदत दिलेली असते, बहुतेक १५ दिवस. ती मुदत शोभेची नसते! जुनी_एचआर यांचा नियम इथे लावू नका. अर्ज हाताने नेऊन दिलात तर आवक-जावकच्या टेबलावर दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही घ्या. पोच नसेल तर अर्ज आलाच नाही असं म्हणायला ते मोकळे.

मेगाब्लॉक

आणि सरकारी भरतीला?

खडू_फळा

तिथे रेझ्युमे लागतच नाही. त्यांचा फॉर्म, त्यांचे रकाने. शेवटच्या रात्री साइट रांगते, म्हणून तीन दिवस आधी भरा आणि फी भरल्याची पावती उतरवून घ्या. जातीच्या, नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यांवरच्या तारखा जाहिरातीतल्या अटीत बसतात का ते आधी बघा. सरकारीसाठी वेगळा धागा काढा, इथे फाटे नकोत.

कोडेकर

फाटे फुटलेच आहेत तर अजून एक. परदेशी कंपनीत किंवा तिथल्या माणसाखाली इथून काम करायची जागा असेल तर मेलची वेळ त्यांच्या घड्याळाने ठरवा. लंडनचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात दुपारी १:३०, हिवाळ्यात २:३०. न्यूयॉर्कचे ९ म्हणजे संध्याकाळी ६:३० किंवा ७:३०. जीमेलमध्ये वेळ लावून पाठवायची सोय आहे, रात्र जागायची गरज नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दोन आठवड्यांत अशा ठिकाणी काही हलत नाही.

जुनी_एचआर

घड्याळाला मी फारशी किंमत देत नाही. सकाळी दहाला आलेला आणि रात्री अकराला आलेला रेझ्युमे दुसऱ्या दिवशी एकाच रांगेत असतात. दिवस महत्त्वाचा.

पोर्टलवरची एक गोष्ट मात्र खरी आहे. नोकरीसारख्या ठिकाणी रिक्रूटर जाहिरात टाकून वाट बघतोच असं नाही. तो साठ्यात शोध लावतो आणि "अलीकडे सक्रिय" अशी गाळणी लावतो. सहा महिने हात न लावलेलं प्रोफाइल त्यात येत नाही. म्हणून शोध सुरू करायचा त्या आठवड्यात प्रोफाइल ताजं करा आणि आठवड्याला एकदा काही खरा बदल करा. रोज एक पूर्णविराम घालायचा आणि काढायचा, असली विद्या काही लोक शिकवतात. लॉगिन केलं तरी सक्रिय दिसता, पूर्णविरामाला त्रास देऊ नका.

वडाळ्याचा_वाटसरू

पूर्णविरामाचं पटलं, पण घड्याळाबाबत असहमत. अर्ज कधीही टाका, पण फोन उचलता येईल अशा दिवशी टाका. आज सकाळी अर्ज, दुपारी फोन, आणि तुम्ही लोकलमध्ये किंवा साहेबासमोर. रिक्रूटरच्या यादीत वीस नावं असतात. दोनदा उचलला नाही की तो पुढच्या नावावर जातो. रेझ्युमेवर मोबाइलशेजारी "संध्याकाळी ७ नंतर, किंवा व्हॉट्सॅपवर निरोप" असं लिहा. राहण्याचं ठिकाण उपनगरापर्यंतच द्या, इमारतीचं नाव नको. "ठाणे पश्चिम" एवढं पुरे. ते मात्र द्याच. ऑफिस ऐरोलीत आहे की लोअर परळला, यावर माणूस टिकेल की नाही याचा अंदाज मुंबईतला प्रत्येक रिक्रूटर मनात बांधतोच.

गणपतीत मुलाखतीची तारीख मिळाली तर पॅनेल शहरात आहे ना, ते आदल्या दिवशी विचारा. अर्धं कोकणात असतं.

अर्धा_चहा

खूपच माहिती मिळाली. तिसरा प्रश्न राहिला: चौकशीच्या मेलसोबत रेझ्युमे जोडायचा की नाही?

जुनी_एचआर

एचआरला लिहिताना पहिल्याच मेलमध्ये जोडा. "जागा असल्यास कळवावे, रेझ्युमे पाठवतो" या मेलला उत्तर येत नाही, कारण उत्तर देणं हे त्यांचं एक जादा काम झालं. विषयाच्या ओळीत पद, जागेचा क्रमांक, अनुभव, नोटीस. मजकूर पाच ओळींपेक्षा जास्त नको.

तेरीज

विभागप्रमुखाला लिहिताना मी उलटं सांगेन. जागा जाहीर नसताना अनोळखी माणसाकडून आलेली फाइल तो न उघडता एचआरकडे ढकलतो, आणि तिथे ती कोणत्याही जागेशिवाय साठ्यात पडते. वाटसरू म्हणतात तशी तुमची नोंदही होऊन बसते, फायदा शून्य. आधी तीन ओळी लिहा: कोणत्या आकाराच्या कंपनीत, कोणती कामं, काय विचारायचं आहे. "१५० कोटींच्या उलाढालीची वही दर महिन्याला पाचव्या दिवशी बंद करतो" असं एक वाक्य कुतूहल जागं करतं. त्याने विचारलं की त्याच दिवशी फाइल द्या.

जुनी_एचआर

हे पटलं. जाहीर जागेला जोडा, जाहीर नसलेल्या जागेला थांबा.

कोडेकर

आणि ओळखीच्या माणसाला विचारताना? तिथेही लगेच जोडायचा, पण नुसता रेझ्युमे नको. जागेचा क्रमांक, पीडीएफ, ज्या ईमेल आणि मोबाइलने पुढे फॉर्म भरणार तेच दोन, आणि तुम्ही त्या जागेला का योग्य आहात याच्या तीन ओळी. त्याला चिकटवून मोकळं होता आलं पाहिजे. बऱ्याच कंपन्यांत त्याने नाव टाकलं की तुम्हाला एक लिंक येते, ती भरली नाही तर रेफरल अर्धवट राहतं. ती मेल स्पॅममध्ये जाते, तिथेही बघा. दोन दिवसांत त्याने काहीच केलं नाही तर एकदा आठवण करा, चौथ्या दिवशी स्वतः अर्ज टाका. मैत्रीखातर पहिली लॉट सोडू नका.

ठाणेकरीण

रच्याकने, वर्षभर लटकलेल्या जाहिराती ओळखा. लिंक्डइनवर "पुन्हा टाकलेली" असं दिसतं, पद मोघम, ठिकाण "मुंबई आणि इतर", जागा "अनेक". तिथे पहिला दिवस-चौथा दिवस असलं काही नसतं. ते साठा भरत असतात. अर्ज करा, पण त्यासाठी रेझ्युमे कापत बसू नका.

अर्धा_चहा

शेवटचं एकच. समजा थेट अर्ज आधीच गेलाय आणि ओळखीचा माणूस नंतर सापडला. अर्ज मागे घेऊन पुन्हा रेफरलने जायचं का? की दुसऱ्या ईमेलने नवीन?

वडाळ्याचा_वाटसरू

दोन्ही नको. अर्ज मागे घेतला तरी तुमची नोंद आणि तिची तारीख प्रणालीत राहते. दुसरा ईमेल वापरलात तर मोबाइल किंवा पॅनवरून जोड लागते, आणि मग तुम्ही लपवाछपवी करणारे ठरता. अर्ज क्रमांक त्या मित्राला द्या आणि त्याला सांगा, रिक्रूटरला किंवा विभागप्रमुखाला दोन ओळींची मेल टाक: "या क्रमांकाचा उमेदवार माहितीतला आहे, एकदा बघा." त्याला बोनस मिळणार नाही, पण तुमची फाइल उघडली जाईल.

मेगाब्लॉक

बोनस नाही हे त्याला मेल टाकून झाल्यावर सांगा.

तेरीज

आणि आज १९ तारीख आहे. मेल विभागप्रमुखाला जाणार असेल तर परवा टाकायला सांगा, उद्या ३बी आहे.